दूरचे युद्ध आणि आपले घर



बंगळूर शहराच्या आग्नेय भागात बेळ्ळंदूर नावाची वस्ती आहे. तिच्याच नावाचा विस्तीर्ण तलाव शहरातील सर्वांत मोठा तलाव म्हणून ओळखला जातो. काही दशकांपूर्वी जेथे शेते होती, तेथे आज संगणक-व्यवसायाच्या कचेऱ्या आणि बहुमजली इमारती उभ्या आहेत. एकाच जिन्यावर कानडी, तेलुगू, बंगाली, मल्याळी आणि मराठी बिऱ्हाडे नांदताना दिसतात. नागपूर, सोलापूर, बेळगाव, कोल्हापूरकडची मुले व सुना तेथे नोकरीस आहेत, आणि आपणापैकी कित्येकजण वर्षातून एकदोनदा नातवंडांना भेटण्यासाठी तेथे जातही असाल. अशा वस्तीत जग फार जवळ आलेले असते. कोणाचा मुलगा जर्मनीत, कोणाची भाची पोलंडात, तर कोणाच्या कचेरीचे सारे कामकाजच परदेशातील एखाद्या पेढीशी बांधलेले. त्यामुळे पृथ्वीच्या पाठीवर कोठेही तोफ डागली गेली, की तिचा आवाज संध्याकाळच्या चहाच्या वेळेपर्यंत घरात येऊन पोचतो.

आणि तरीही प्रत्येक तोफेचा आवाज आपल्याला सारखाच ऐकू येतो असे नाही. एखाद्या युद्धाच्या वार्तेने घरातील माणसे अस्वस्थ होतात, वर्गणी गोळा करतात, मुलांना नकाशा काढून दाखवतात. दुसऱ्या एखाद्या युद्धात तितकीच माणसे, किंबहुना अधिक, मरत असतानाही वर्तमानपत्राचे ते पान नुसतेच उलटले जाते. असे का व्हावे? परक्या देशाचे दुःख जनतेला आपले केव्हा वाटते, आणि केव्हा वाटत नाही? हा प्रश्न केवळ मुत्सद्द्यांचा नाही. तो तुमच्याआमच्या घराचाही आहे. कारण मुलांच्या मनाची घडण घरातच होत असते.

कर्नाटकाने अनुभवलेली दोन युद्धे

प्रथम अगदी अलीकडची उदाहरणे घेऊ. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी युक्रेनमध्ये युद्धास तोंड फुटले. तेथे वैद्यकीय शिक्षणासाठी गेलेले हजारो भारतीय विद्यार्थी तळघरांत अडकून पडले. त्यांत महाराष्ट्राचे होते, कर्नाटकाचेही होते. १ मार्च रोजी खारकीव्ह शहरात हावेरी जिल्ह्यातील एक विद्यार्थी खाद्यपदार्थ आणावयास बाहेर पडला असता मारला गेला. त्याचा देह २१ मार्च रोजी बंगळूरच्या विमानतळावर आला. आईवडिलांनी तो दावणगेरे येथील वैद्यकीय महाविद्यालयास अभ्यासासाठी दान केला. जो मुलगा डॉक्टर होऊ शकला नाही, त्याच्या देहावरून इतर मुले डॉक्टरी शिकोत, ही त्या दानामागील भावना सहज समजण्याजोगी आहे. त्या दिवसांत कर्नाटकात खारकीव्हचे नाव ठाऊक नाही असे घर विरळाच असेल. ‘ऑपरेशन गंगा’ या मोहिमेने सुमारे २२,५०० भारतीय सुखरूप घरी पोचले, आणि देशाने सुटकेचा श्वास सोडला.

पुढच्याच वर्षी, १५ एप्रिल २०२३ रोजी, सुदानमध्ये सैन्य आणि निमलष्करी दल यांत लढाई जुंपली. कर्नाटकातील हक्की-पिक्की जमातीचे लोक वनौषधींची विक्री करीत देशोदेशी हिंडतात. त्यांपैकी काही कुटुंबे त्या वेळी सुदानमधील अल् फाशेर शहरात अडकली होती. कधी नकाशावरही न पाहिलेल्या या शहराचे नाव कर्नाटकातील वर्तमानपत्रांत ठळक अक्षरांत झळकू लागले. ‘ऑपरेशन कावेरी’ने साडेतीन हजारांहून अधिक भारतीयांना परत आणले. मे महिन्याच्या आरंभी ही मोहीम संपली, आणि तिच्याबरोबर सुदानविषयीची आपली आस्थाही संपुष्टात आली.

युद्ध मात्र संपले नाही. एक कोटीहून अधिक माणसे घरादाराला पारखी झाली. त्याच अल् फाशेर शहरास २०२४ मध्ये वेढा पडला. अन्नावाचून, औषधावाचून लोकांनी सुमारे दीड वर्ष काढले, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये शहर निमलष्करी दलाच्या हाती पडले. हे शहर आपल्याला ठाऊक होते. त्याच्या गल्लीबोळांची चिंता आपण एकदा वाहिली होती. पण आपली माणसे तेथून निघाली, आणि दिवा मालवावा तशी ती चिंता मालवली.

हे कोणास दूषण देण्यासाठी लिहिलेले नाही. आपल्या माणसांविषयीची माया स्वाभाविक आहे, आणि परक्या देशाचे दार बहुधा तीच प्रथम उघडते. परंतु दार उघडणे वेगळे आणि आत पाऊल टाकणे वेगळे. आपले कोणीही तेथे नसताना एखाद्या देशासाठी आपली जनता कधी कळवळली आहे काय, याचा शोध घेतला, तर सोलापूर शहराचे नाव समोर येते.

चीनला गेलेले पाच डॉक्टर

जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर मोठे आक्रमण आरंभिले. चिनी सेनापती जनरल चू तेह यांनी पंडित जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून साहाय्याची विनंती केली. त्या वेळी आपला देश स्वतःच पारतंत्र्यात होता. पाठवावयास सैन्य नव्हते, द्यावयास राजकोश नव्हता. १९३८ मध्ये राष्ट्रीय सभेचे अध्यक्ष असलेल्या सुभाषचंद्र बोस यांनी जनतेस आवाहन केले; ‘चीन दिन’ पाळले गेले आणि २२,००० रुपयांचा निधी उभा राहिला. त्यातून एक रुग्णवाहिका आणि पाच डॉक्टरांचे पथक पाठवण्याचे ठरले. अलाहाबादचे डॉ. अटल हे प्रमुख. नागपूरचे ज्येष्ठ डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी, आणि पाचवे सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस.

डॉ. कोटणीसांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. पुढे अधिक शिकावे आणि आपला व्यवसाय थाटावा, हा मार्ग त्यांना मोकळा होता. सप्टेंबर १९३८ मध्ये पथक मुंबईहून बोटीने निघाले, तेव्हा ते अवघे सत्तावीस वर्षांचे होते. चीनमध्ये पोचल्यावर शहरामागून शहर मागे टाकीत, बाँबवर्षावातून वाट काढीत, १९३९ च्या आरंभी पथक येनान येथे दाखल झाले. काळ लोटला, सोबती एकेक करून परत फिरले. तेथे असतानाच वडिलांच्या निधनाची दुःखद वार्ता आली. तरी डॉ. कोटणीस परतले नाहीत. चिनी भाषा आत्मसात करून ते तिच्यातूनच विद्यार्थ्यांना शिकवू लागले. १९४० मधील एका मोठ्या लढाईच्या वेळी त्यांनी सलग बहात्तर तास शस्त्रक्रिया केल्याचे आणि आठशेहून अधिक जखमींवर उपचार केल्याचे सांगितले जाते.

कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून हेही याच कार्यासाठी चीनमध्ये आले होते, आणि शस्त्रक्रिया करताना झालेल्या जखमेतून विषबाधा होऊन नोव्हेंबर १९३९ मध्ये निवर्तले होते. त्यांच्या नावाच्या रुग्णालयाची धुरा १९४१ मध्ये डॉ. कोटणीसांकडे आली. त्याच वर्षी तेथील परिचारिका क्वो चिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. ऑगस्ट १९४२ मध्ये पुत्र झाला. त्याचे नाव ‘यिनहुआ’ ठेवले. त्या नावात भारत आणि चीन या दोन्ही देशांची अक्षरे एकत्र आली होती. त्यानंतर चारच महिन्यांनी, ९ डिसेंबर १९४२ रोजी, अपस्माराच्या झटक्यांनी डॉ. कोटणीसांचे देहावसान झाले. वय बत्तीस. ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यांच्यावर पुस्तक लिहिले, आणि १९४६ मध्ये व्ही. शांताराम यांनी त्याच कथेवर ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा चित्रपट काढून ती घराघरांत पोचवली.

सहानुभूती कशाने घडली?

आता विचार करा. सोलापूरचा चीनशी काय संबंध होता? तेथे आपले विद्यार्थी अडकले नव्हते. समान भाषा नव्हती, समान धर्माचे बंधनही नव्हते. मग चीनसाठी लोकांनी खिशात हात का घातला?

पहिले कारण समान अनुभवाचे आहे. आपल्या डोळ्यांनी जे पाहिले, ते दुसऱ्याच्या वाट्यास आलेले चटकन ओळखू येते. सोलापूरने मे १९३० मध्ये लष्करी कायदा भोगला होता. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा हे शहराचे चार सुपुत्र १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यास फासावर गेले होते. रस्त्यातून परक्या सत्तेचे सैनिक फिरू लागले म्हणजे गावाचे काय होते, हे सोलापूरच्या गिरणी-कामगारास व्याख्यानातून शिकावे लागले नाही. ज्याचा पाय भाजला आहे, त्याला विस्तवाचे वर्णन ऐकवावे लागत नाही.

दुसरे कारण असे, की कोणीतरी ही भावना एकत्र गुंफली. मनात कळवळा असणारी माणसे प्रत्येक गावात असतात. पण त्यांना हाक घालणारा, दिवस ठरवणारा आणि हिशेब ठेवणारा कोणी नसेल, तर तो कळवळा हवेत विरून जातो. जनरल चू तेह यांचे पत्र, अध्यक्षांचे आवाहन, गावोगावची वर्गणी आणि बोटीवर चढणारे डॉक्टर अशी ती सलग साखळी होती. तिची एक कडी निखळली असती, तर डॉ. कोटणीस सोलापुरात किंवा मुंबईत नामांकित डॉक्टर झाले असते, आणि आज या सदरात त्यांचे नाव आले नसते.

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे. करावयाचे काम सामान्य माणसाच्या आवाक्यातले होते. चार आणे देणे जमत होते, जपानी माल न घेणे जमत होते, आणि ज्याच्या हाती विद्या होती त्याला ती देणे जमत होते. नुसते दुःख पाहावे आणि हातून काही होऊ नये, या अवस्थेत मन फार काळ टिकत नाही. ते थकते, आणि थकले की पाठ फिरवते. सुदानच्या बाबतीत आपले मन निष्ठुर झाले असे म्हणण्यापेक्षा, त्याला करण्याजोगे काही काम उरले नाही असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल.

यातच आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. १९०५ मध्ये जपानने रशियाचा पराभव केला, तेव्हा आशियातील एका राष्ट्राने युरोपीय सत्तेस नमवले म्हणून भारतात आनंदाची लहर उसळली होती. पुढे तेच जपान आक्रमक झाले, तेव्हा त्याच्याविषयीच्या जुन्या कौतुकाने आपल्या विचारवंतांचे डोळे झाकले नाहीत. रवींद्रनाथ ठाकुरांचा जपानशी घनिष्ठ स्नेह होता. १९३८ मध्ये जपानी कवी योने नोगुची यांनी युद्धाचे समर्थन केले, तेव्हा रवींद्रनाथांनी जपानी जनतेवरील प्रेम न सोडता त्या युद्धाचा स्पष्ट शब्दांत निषेध केला. जखमी झालेल्याची बाजू घेताना जखम करणाऱ्या देशाच्या प्रत्येक माणसाचा द्वेष करण्याची आवश्यकता नसते, हा धडा त्या पत्रव्यवहारातून मिळतो.

आलेल्यांना घर देणे

सहानुभूती नेहमीच बोटीवर चढून परदेशी जाते असे नाही. कधी ती आपल्याच अंगणात पाहुण्यांचे ताट वाढते. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत रशियात हद्दपार झालेले पोलिश नागरिक सुटका होऊन भारतात आले. सौराष्ट्रात जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडी येथे पोलिश मुलांना आसरा दिला. कोल्हापूरजवळच्या वळिवडे गावी १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले होती. तेथे त्यांच्या शाळा होत्या, प्रार्थनामंदिर होते, दुकाने होती. कोल्हापूरकरांना पोलंडचे राजकारण कितपत ठाऊक असेल? परंतु वडिलांवाचून पोरकी झालेली मुले आणि शिवणकाम करून दिवस काढणाऱ्या आया यांना ओळखण्यासाठी राजकारण जाणावे लागत नाही. ते लोक गेल्यावर त्याच ठिकाणी फाळणीत घरे गमावलेले सिंधी बांधव येऊन वसले. कापडाच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध असलेले आजचे गांधीनगर ते हेच. एकाच छपराखाली पाठोपाठ दोन देशांच्या निर्वासितांनी संसार मांडल्याचे असे उदाहरण क्वचितच सापडेल.

१९७१ मध्ये पूर्व बंगालमधून सुमारे एक कोटी निर्वासित आले, तेव्हा तो भार सबंध देशाने वाटून घेतला. त्या वर्षीच्या १५ नोव्हेंबरपासून बहुतेक टपालावर पाच पैशांचे जादा तिकीट लावावे लागे. आरंभी, नवे तिकीट तयार होईपर्यंत, कुटुंबनियोजनाच्या पाच पैशांच्या तिकिटावरच निर्वासित-साहाय्याचे शब्द उमटवून ते वापरले गेले. रत्नागिरीची आजी दिल्लीच्या मुलाला पाकीट पाठवी, तेव्हा त्यावर निर्वासितांसाठी पाच पैसे आपोआप चढत. रक्कम क्षुल्लक होती, पण प्रत्येक पाकिटागणिक ती आठवण देत होती. मार्च १९७३ अखेरपर्यंत ही व्यवस्था चालू राहिली. भावनेला अशी रोजची, लहानशी सवय लाभली, म्हणजे ती लवकर विझत नाही.

पुढे देश बदलला तर?

येथे एक शंका आपल्या मनात आली असेल. ज्या चीनसाठी डॉ. कोटणीसांनी प्राण वेचले, त्याच चीनशी १९६२ मध्ये आपले युद्ध झाले. मग तो त्याग व्यर्थ गेला काय?

नाही. डॉ. कोटणीस एखाद्या भावी सरकारची हमी देण्यास गेले नव्हते. समोर पडलेल्या जखमीची पट्टी बांधण्यास गेले होते, आणि ती पट्टी बांधली गेली. राज्यांची धोरणे ऋतूंसारखी बदलतात; वाचवलेला जीव हा वाचवलेलाच राहतो. १९६२ नंतरही सोलापूरने आपल्या डॉक्टरांचे नाव टाकले नाही. शहरात त्यांचे स्मारक आहे. १९९३ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. तिकडे शिच्याच्वांग येथे त्यांची समाधी आहे, आणि तिच्यावर फुले वाहिली जातात. दोन्ही देशांचे संबंध ताणले गेले, तेव्हाही हा एक धागा तुटला नाही. पाठिंबा जर झेंड्याला दिला असता, तर झेंड्याबरोबर तो फडकला वा उतरला असता. तो माणसाला दिला होता, म्हणून टिकला.

स्वतंत्र भारतानेही हीच वाट धरली. कोरियाच्या युद्धात आपण लढाऊ सैन्य पाठवले नाही. १९५० मध्ये लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या नेतृत्वाखाली साठावे पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स हे वैद्यकीय पथक पाठवले. युद्धविरामानंतर, मायदेशी परतण्यास राजी नसलेल्या २२ हजारांहून अधिक युद्धकैद्यांचा प्रश्न सोडवणाऱ्या आयोगाचे अध्यक्षपद कूर्गचे जनरल थिमय्या यांच्याकडे, आणि त्या कैद्यांची राखण करणाऱ्या भारतीय दलाचे नेतृत्व कोल्हापूरचे जनरल एस. पी. पी. थोरात यांच्याकडे होते. उभय पक्षांनी विश्वास टाकावा असे हे काम होते.

घराने काय करावे?

आज युद्धाची चित्रे क्षणोक्षणी हातातील दूरध्वनीवर येऊन आदळतात. त्यांतील काही खरी असतात, काही जुनी, काही बनावट. चित्र पाहताच रक्त तापते, आणि तापलेले रक्त लगेच पक्ष निवडते. क्रीडांगणावरील सामन्याप्रमाणे युद्धाकडे पाहण्याची सवय मुलांना याच वाटेने लागते. तिला आवर घालणे घरातील वडीलधाऱ्यांच्या हाती आहे.

एखाद्या युद्धाची वार्ता आली, की मुलांबरोबर बसून तीन प्रश्न विचारावेत. तेथे राहणारी माणसे कोण आहेत, आणि ती सकाळी उठून काय करीत असतील? आपल्याला ही वार्ता कोणी सांगितली, आणि दुसऱ्या बाजूचा माणूस काय सांगेल? आणि आपल्या ऐपतीत आपण काय करू शकतो? पहिल्या प्रश्नासाठी नकाशा काढा. दुसऱ्यासाठी एकाहून अधिक वर्तमानपत्रे वाचा, आणि खात्री पटेपर्यंत चित्र पुढे धाडू नका. तिसऱ्यासाठी रेडक्रॉससारख्या मान्यताप्राप्त संस्थेस थोडी रक्कम द्या. पावती जपून ठेवा. आणि बातमी मागच्या पानावर गेल्यावरही ती देणगी चालू ठेवा.

बेळ्ळंदूरसारख्या वस्त्यांतील कुटुंबांना आणखी एक संधी आहे. बंगळूर, पुणे, बडोदे, हैदराबाद अशा शहरांतील महाविद्यालयांत आफ्रिकेचे आणि पश्चिम आशियाचे अनेक विद्यार्थी शिकत असतात. त्यांच्यापैकी कोणाच्या मायदेशी लढाई पेटलेली असते आणि घरून पत्र येणे थांबलेले असते. सणावाराला त्यांना जेवावयास बोलवा. पुरणपोळी वाढताना त्यांच्या आईची विचारपूस करा. मुले ते ऐकतील, आणि त्या देशाचे नाव पुढे कधी कानी पडले तर त्यांना एक चेहरा आठवेल.

जगातील सर्व युद्धांचे दुःख एका घराला पेलणे शक्य नाही, आणि तशी अपेक्षाही कोणी करू नये. पण एखाद्या तरी देशासाठी, तेथे आपले कोणीही नसताना, आपल्या घरातून काहीतरी नियमाने जात असावे. १९३८ मध्ये परतंत्र आणि दरिद्री असलेल्या देशाने तेवढे करून दाखवले. आज आपल्याजवळ त्याहून पुष्कळ अधिक आहे. या महिन्यात कोणता देश निवडावयाचा, ते आज रात्रीच्या जेवणाच्या वेळी मुलांनाच विचारा.